चैत्रातले पाय

धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याच्या पायथ्याला राहणाऱ्याने वसंताच्या फार बढाया मारू नयेत. इथला चैत्र म्हणजे तापलेला काळा दगड, कुरणातलं वाळून पिवळं पडलेलं गवत आणि किल्ल्याकडून मधूनच येणारी मोराची ओरड. पळस तर होळीलाच आटोपलेला असतो. उरतो अंगणातला निंब. पाडव्याला त्याचा मोहोर तोंड वाकडं करून खायचा, आणि पुढे कितीतरी रात्री त्याच्याच वासात झोपायचं.

याच दिवसांत आग्रा रोडवरून पायी माणसं यायला लागतात. धुळ्याची, शिरपूरची, थेट मध्य प्रदेशातल्या सेंधव्याकडचीही. सगळी वणीच्या गडावर निघालेली. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत तिथे यात्रा. सप्तशृंगी खान्देशाची माहेरवाशीण. लेकीला भेटायला पायीच जायचं, असा इथला रिवाज. (मी माझ्या लेकीकडे एसटीने जातो. तिची तक्रार नाही.)

मी ही माणसं पायांवरून ओळखतो. धुळ्याचे पाय अजून कोरे. दहाएक किलोमीटर झालेले, चपलेचा पट्टाही मऊ पडलेला नसतो. शिरपूरचे सुजलेले. सेंधव्याचे पाय बघून आमची सौ. न विचारता घमेल्यात मिठाचं कोमट पाणी आणते.

परवा एक म्हातारी निंबाखाली टेकली. पिशवीतून सुई काढली, चष्मा नव्हता म्हणून दोरा माझ्याकडून ओवून घेतला आणि टाचेच्या फोडातून आरपार काढला. दोरा आतच ठेवला, पाणी झिरपत राहावं म्हणून. तोंडावर रेषही हलली नाही. मलाच बघवेना.

"कितला फोड उनात, माय! गाडीवर बठी जा ना."

"गाडीवर गऊ तं वळखी का ती माले?"

यावर काय बोलणार. मी ताकाचा तांब्या पुढे केला.

तिचा जथा रात्री तिथेच झोपला आणि पहाटे तीनला, ऊन टाळायला, झेंडा उचलून घाटाकडे निघून गेला. उजाडल्यावर खराटा घेऊन बाहेर आलो. रात्रभर मोहोर गळलेला. अंगण पांढरंशुभ्र, आणि त्यात माणसं झोपली होती तेवढ्या लांबट जागा मातीच्या रंगाच्या. एक अगदी आखूड, पाय पोटाशी घेतलेली.

कोकिळा ओरडत होती. खराटा भिंतीला टेकवला आणि चहा मागितला.