एलेनाचं घर दाखवतो म्हणाले, ६० युरो घेतले

आधीच सांगते, ‘माय ब्रिलियंट फ्रेंड’ लिहिणाऱ्या इटालियन लेखिका एलेना फेरांतेचं घर नेपल्समध्ये कुणीही दाखवू शकत नाही. ही बाई कोण, हेच जगाला ठाऊक नाही. फेरांते हे टोपणनाव. पहिली कादंबरी १९९२ साली आली. ती छापून येण्याआधीच तिने प्रकाशिकेला कळवलं होतं की पुस्तकासाठी मी कुठे येणार-जाणार नाही. लिहून झालेल्या पुस्तकाला लेखकाची गरज उरत नाही, असं तिचं म्हणणं. २०१६ मध्ये एका इटालियन पत्रकाराने पैशांचे आणि घरखरेदीचे कागद उकरून रोममधल्या एका अनुवादिकेकडे बोट दाखवलं, पण फेरांतेने कबुली दिलेली नाही. त्या शोधावर जगभरातले वाचक उलट पत्रकारावरच चिडले. हे सगळं मला पाठ होतं, तरी माणशी ६० युरो मोजले. वहिनींचे धरून १२०.

जाहिरातीत ‘एलेनाचं घर, मालिकेतलं अंगण, समुद्राची वाट’ असं होतं. मिनीबसने आम्हाला रिओने लुझात्ती या वस्तीत सोडलं. कादंबऱ्यांमध्ये लीला आणि लेनू (म्हणजे पुस्तकातली एलेना) या मैत्रिणींच्या वस्तीला नाव नाही, पण वाचकांनी ती हीच मानली आहे. मार्गदर्शकाने एका पिवळट इमारतीच्या दुसऱ्या मजल्याची खिडकी दाखवली आणि म्हणाला, “एलेना इथे वाढली.” मी विचारलं, कोणती एलेना, पुस्तकातली की पुस्तक लिहिणारी? तो हसला आणि पुढच्या खिडकीकडे निघाला. वहिनींनी एकही पान वाचलेलं नाही. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “अगं, दोन्ही एलेना नसल्या तरी पैसे खरे गेले ना?”

पुढे ‘मालिकेतलं अंगण’. पुस्तकावरची टीव्ही मालिका २०१८ पासून आली आणि तिच्यातली वस्ती या वस्तीत चित्रित झालेलीच नाही. काझेर्ता भागात २० हजार चौरस मीटरवर अख्खा सेट उभारला होता. मी हे बोलून दाखवल्यावर मार्गदर्शकाचा चेहरा असा झाला, जणू मीच त्याला फसवत होते. चाळीस मिनिटांत दौरा संपला. समुद्राची वाट त्याने बसच्या खिडकीतून दाखवली.

म्हणून दुसऱ्या दिवशी आपलं आपण गेलो. तुम्हीही तसंच जा. गारिबाल्दी चौकातून मेट्रोची लाइन २ पकडा आणि पुढच्याच स्टेशनला, गियांतुर्कोला उतरा. टॅक्सीच्या भानगडीत पडू नका. नेपल्समध्ये ठरावीक फेऱ्यांचे बांधलेले दर असतात, पण ते बसतानाच मागावे लागतात. मी उतरताना विचारलं आणि ३५ युरो दिले. वहिनींना मात्र १५च दिले असं सांगितलंय, तेवढं सांभाळून घ्या.

आता बोगदा. स्टेशन रुळांच्या एका बाजूला आणि वस्ती दुसऱ्या बाजूला, त्यामुळे बोगद्यातून गेल्याशिवाय गत्यंतर नाही. पुस्तकात दोघी मुली शाळा बुडवून याच बोगद्यातून समुद्र बघायला निघतात. त्या आधी कधी वस्तीच्या बाहेर पडलेल्याही नसतात. वाचताना मला तो बोगदा अंधारा, गूढ, पलीकडे उजेडाचा ठिपका असलेला वाटला होता. प्रत्यक्षात गाड्यांचा धूर, कानठळ्या बसवणारा आवाज आणि दोघी शेजारी चालू शकणार नाहीत इतका अरुंद फुटपाथ. जुलैतली सकाळ अकराची वेळ. वहिनींनी नाकाला ओढणी लावली ती पार वस्तीत पोचेपर्यंत काढली नाही. सकाळी आठच्या आत जा, एवढंच म्हणेन.

वस्ती मात्र बघण्यासारखी आहे, आणि बसमधून नाही कळत. तीन-चार मजली इमारती, मधे अंगणं, वाळत घातलेले कपडे, जमिनीलगत तळघरांच्या जाळ्या. लीला लेनूची बाहुली अशाच एका जाळीतून खाली टाकते. मी किती तरी वेळ वाकून बघत बसले. लुझात्ती हे नाव एका पंतप्रधानाचं. त्याच्या १९०३ च्या कायद्याने इटलीत गरिबांसाठी सरकारी घरं बांधायला सुरुवात झाली. वरळीच्या बीडीडी चाळींत वाढलेल्याला इथे फार परकं वाटणार नाही. मागे काचेचे उंच टॉवर दिसतात ते चेंत्रो दिरेत्सिओनाले, म्हणजे कचेऱ्यांचा भाग. वस्तीत लोकांची घरं आहेत, अंगणात कॅमेरा रोखून उभं राहू नका. एक आजी गॅलरीतून आमच्याकडे इतका वेळ रोखून बघत होत्या की मी फोन पिशवीत टाकला.

मग मला समुद्रापर्यंत चालत जायची हुक्की आली. नकाशावर दोन-अडीच किलोमीटर. परत बोगदा, मग गोदामं, घाऊक मालाची चिनी दुकानं, तंबाखूच्या जुन्या कारखान्याची लांबच लांब भिंत, ट्रक. सावली कुठेही नाही. शेवटी बंदराचं कुंपण आणि कुंपणापलीकडे कंटेनर. समुद्र दिसलाच नाही. पुस्तकातल्या मुलीही अर्ध्या वाटेवरून परततात, पावसामुळे आणि लीलाला अचानक परत फिरावंसं वाटल्यामुळे. आम्हाला वहिनींच्या टाचेने परत फिरवलं. हा टप्पा करूच नका. पुस्तकावर कितीही प्रेम असलं तरी.

त्यापेक्षा हे करा. गियांतुर्कोहून त्याच लाइन २ ने चौथ्या स्टेशनला, पियात्सा आमेदेओला उतरा आणि चालत पियात्सा देइ मार्तिरीला या. दगडी सिंहांचा चौक. पुस्तकातलं चपलांचं दुकान ज्या चौकात आहे तोच. तिकडचा धूर आणि इकडच्या चकचकीत काचा एकाच दुपारी बघितल्या की मग कळतं, पुस्तकात वस्तीतली पोरं या भागात आली की त्यांचं पित्त का खवळतं. पैसे द्यायचेच असतील तर इथल्या कॉफीचे द्या.

मग इस्किया बेटावरचे दोन दिवस छान गेले. मारोन्ती किनारा, पाणी, झोप. सांगण्यासारखं काही नाही. फक्त वेगवान बोटी मोलो बेवेरेल्लोहून सुटतात आणि मोठ्या फेरीबोटी कालाता पोर्ता दी मास्साहून. दोन्ही धक्के बंदरातलेच, पण सामान ओढत एकाहून दुसऱ्याकडे पळायला लावणारे. तिकीट बघूनच निघा.

गियांतुर्कोचं परतीचं तिकीट गारिबाल्दीलाच काढून ठेवा, आणि मळके बूट घाला, बोगद्यातून आल्यावर तसेही मळतात. पाणी दोन बाटल्या. वहिनींच्या टाचेला आता मलम लावतेय. त्या विचारतायत की या पुस्तकाचे आणखी तीन भाग आहेत, तर आणखी तीन बोगदे आहेत का.