पट्टा आणि टोपी

स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर मला आठवला तो सातवीचा सहामाहीचा मराठीचा पेपर. ‘कंबर कसणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करायचा होता. मी लिहिलं, ‘पँट ढिली होती म्हणून बाबांनी पट्ट्याने कंबर कसली.’ सरांनी ते अख्ख्या वर्गाला वाचून दाखवलं. वर विचारलं, ‘‘काऊन रे, बाबाले लढाईवर जाचं होतं का?’’ पोरं हसून हसून लोळली. मग सरांनीच सांगितलं की लढाईला निघालेला गडी खरोखर शेला आवळून बांधायचा, तिथूनच हे आलं. म्हणजे माझं अगदीच चुकलं नव्हतं. तरी अर्धा गुणही दिला नाही!

वाक्प्रचार ओळखायची सरांची एक युक्ती होती : शब्द बदलून पाहायचा. पोटात कावळे ओरडतात. तिथे चिमण्या बसवा, भूक गेलीच. ‘घाम गाळणे’चं ‘घाम सांडणे’ करा, कष्ट गेले. (नागपुरात मे महिन्यात घाम गाळायला कष्ट लागत नाहीत, तो भाग वेगळा.) पण ‘त्याने हात वर केले’ इथे युक्ती पुरत नाही. कवायत चाललीय की उसने मागायला कुणी आलंय, हे मागच्या-पुढच्या वाक्यातूनच कळतं.

‘अटकेपार झेंडा लावणे’ म्हणजे पोलिसांच्या हातून सुटणे, असा माझा पक्का समज होता. सरांनी नकाशा काढून सिंधूकाठचं अटक दाखवलं. 1758 साली मराठी फौजा तिथवर गेल्या, तेव्हा तो वाक्प्रचार नव्हता, बातमी होती.

आज मी सिव्हिल लाइन्समध्ये वकिलांच्या मराठी कागदांचं इंग्रजी करून देतो. तक्रारअर्जात माणसं बोलतात तसंच लिहितात. मागच्या महिन्यात एकात होतं, ‘त्याने मला वीस हजारांची टोपी घातली.’ हाताखालचा नवा मुलगा, इंग्रजी शाळेत शिकलेला, बराच वेळ कागद चाळत होता. शेवटी म्हणाला, ‘‘सर, जप्तीच्या यादीत टोपी दिसत नाही.’’

मला बाबांचा पट्टा आठवला. हसू दाबून म्हटलं, ‘‘टोपीच्या जागी पगडी घालून वाच बरं.’’