कॅलेंडरवरची नाइट

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दर सोमवारी लाल पेनानं एक अक्षर असायचं. फ म्हणजे फर्स्ट, से म्हणजे सेकंड, ना म्हणजे नाइट. नवं कॅलेंडर आणलं की वर्षभराची अक्षरं मी एका बैठकीत लिहून टाकायचे. डबा किती वाजता भरायचा, दुपारी मुलांनी टीव्ही लावायचा की नाही, सगळं त्यावर ठरायचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये ह्यांची नोकरी गेली आणि डिसेंबरपर्यंतची अक्षरं भिंतीवर तशीच राहिली.

हे भोसरीत एका वेंडर कंपनीत, म्हणजे मोठ्या गाडी कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत, प्रेस शॉपला सुपरवायझर होते. 19 वर्षं. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट बनायचे तिथे. त्या वर्षी आधी ओव्हरटाइम बंद झाला, मग काँट्रॅक्टच्या पोरांना ब्रेक दिला. जेवताना हे एवढंच म्हणायचे, "शेड्यूल अजून कमी आलंय." शेड्यूल म्हणजे मोठ्या कंपनीकडून येणारी मालाची मागणी. फायनान्स कंपन्या कर्जाला हात आखडता घेत होत्या. नव्या गाडीला काही वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच भरावा लागत होता. त्यात 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे कडक नियम येणार, म्हणून गिऱ्हाईक थांबून राहिलेलं. ऑगस्टमध्ये प्रवासी गाड्यांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा 30 टक्क्यांहून जास्त घटली. मोठ्या कंपन्यांत ब्लॉक क्लोजर लागलं, म्हणजे कारखाना काही दिवस बंद ठेवला, की लहान वेंडरकडे मशीन झाकून ठेवायची वेळ येते.

ह्यांना केबिनमध्ये बोलावून राजीनामा लिहून मागितला, त्याच दिवशी. ह्यांनी दिला. माझा राग आजही तिथेच आहे. काढताय तुम्ही आणि लिहून घेताय की हा माणूस स्वतःहून चाललाय! पुढे प्रत्येक इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न, "का सोडली?" कुणावर अशी वेळ आली तर माझं कळकळीचं सांगणं आहे, त्या दिवशी सही करू नका. कागद घरी आणा, चार माणसांना विचारा.

रात्री कॅलेंडरच्या पाठीमागे ह्यांनी हिशेब मांडला. मूळ पगार 15,600, भागिले महिन्याचे 26 दिवस, गुणिले वर्षाला 15 दिवस, गुणिले 19 वर्षं. ग्रॅच्युइटी 1 लाख 71 हजार. पीएफमधले 75 टक्के, तेव्हाच्या नियमाप्रमाणे, महिनाभर बेकार राहिल्यावर मिळणार होते. घराचा हप्ता 14,200. थोरली तेव्हा दहावीला. मुलांना कळू द्यायचं नाही असं ह्यांचं मत होतं. मी ऐकलं नाही. दोघांना समोर बसवून आकड्यांसकट सांगितलं. थोरलीनं फक्त विचारलं, "क्लासचा दुसरा हप्ता भरलाय का?" भरला होता.

सासूबाईंना ह्यांनीच फोन केला. "आई, कंपनी सुटली." आमचं गाव कोरेगाव तालुक्यात. पलीकडून लगेच आलं, "मग ये की हिकडं. आल्याच्या रानात भांगलायला माणूस मिळंना झालंय." हे आठ दिवस जाऊन आले. हाताला फोड आले होते, पण पोटभर जेवत होते.

पैशाचं कसंबसं जमत गेलं. माझं फॉल-पिको होतं, दिवाळीपर्यंत रात्री मशीन चालवलं. जमत नव्हतं ते झोपेचं. कॅलेंडरवर 'ना' असलेला पहिला आठवडा आला आणि रात्री दीडला मला स्वयंपाकघरात उजेड दिसला. हे ओट्यापाशी उभे होते, हातात त्यांचा व्हर्नियर, पत्र्याची जाडी मापायचं हत्यार. डब्याचं झाकण जबड्यात धरून मापत होते. "झाकण पॉइंट सहाचं आहे," म्हणाले, "बूड पॉइंट आठचं." मी ताट काढून दिलं. तेही मापलं. मग वाट्या. तीनपर्यंत आम्ही घरातली सगळी भांडी मापली.

दुसऱ्या दिवशी धाकटा शाळेतून आला आणि सवयीनं कुजबुजत बोलायला लागला. बाबांची नाइट, म्हणजे दुपारी आवाज करायचा नाही, हे त्याला कळायला लागल्यापासूनचं. "अरे, जागा आहे मी," हे म्हणाले, "मोठ्यानं बोल." पोरगा मात्र तो आठवडाभर हळूच बोलत राहिला.

खंडेनवमीला दर वर्षी कंपनीत प्रेसला झेंडूचं तोरण चढायचं, पेढे घरी यायचे. त्या वर्षी ह्यांनी पाटावर व्हर्नियर आणि पान्यांचा सेट मांडला. मी शेजारी शिलाई मशीनचा बॉबिन ठेवला. हळदकुंकू वाहताना ह्यांचा हात थरथरला. मी पाहिलं, बोलले नाही.

फेब्रुवारीत तळवड्याच्या एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं. पगार नऊ हजारांनी कमी, जनरल शिफ्ट. पहिल्या दिवशी मी पावणेपाचलाच उठून कुकर लावला. ह्यांना निघायचं होतं साडेआठला. भात गार झाला, मग परत गरम केला. नव्या कॅलेंडरवर त्या वर्षी लाल पेनानं फक्त गॅसची तारीख लिहिली होती.