चार टीबी आणि सतरा पानं

ऑगस्टमधल्या एका रविवारी माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात वाचनालयात स्कॅनिंग करणारा मुलगा समोर येऊन उभा राहिला. स्वतः नखशिखांत भिजलेला, पण हातातल्या दुहेरी पिशवीतली ॲल्युमिनियमची डबी मात्र कोरडी.

"ताई, कालपासून ही दिसेना झालीय."

डबीत स्कॅन केलेली पानं साठवायची एसएसडी, म्हणजे चिपांवर डेटा ठेवणारा ड्राइव्ह. ही डबी मीच दिली होती, मार्चअखेरीला. बिल माझ्याच हातचं.

लॅपटॉपला जोडली तर जोडल्याचा आवाज आला, पण ड्राइव्हला अक्षर मिळेना. स्क्रू काढले, उष्णता वाहून नेणारी चिकट पट्टी अलगद सोडवली, आतली एसएसडी टेस्टिंगच्या मशीनमध्ये बसवली आणि बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) उघडलं. लेबलवर छापलेलं मॉडेलचं नाव तिथे नव्हतं. त्या जागी कंट्रोलरचं, म्हणजे ड्राइव्हचा कारभार चालवणाऱ्या चिपचं, कारखान्यातलं मूळ नाव आणि क्षमतेच्या रकान्यात शून्य. एवढं वाचलं की आमच्या धंद्यात पुढचं विचारावं लागत नाही. आतल्या मेमरी चिपा शाबूत असतात, पण कोणती गोष्ट कुठे ठेवलीय याचा नकाशा कंट्रोलरला वाचता येत नाही. बेशुद्धीतून जागा झालेल्या माणसाला स्वतःचं नाव सांगता येऊ नये, तसं.

मुलाला त्याच्या भाषेत सांगितलं : पुस्तकं कपाटांत आहेत, पण दाखलनोंदीचं रजिस्टर जळालं. शिवाय प्रत्येक पुस्तकाचं पान न् पान सुटं करून वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेलं आहे. तो खाली बसला. अठरा आठवड्यांचं काम होतं त्याचं. आठवड्याला सुमारे हजार पानं.

आमच्या सातारा जिल्ह्यातलं हे वाचनालय शंभरी ओलांडलेलं. जुन्या साप्ताहिकांच्या बांधीव फायली त्यांच्याकडे आहेत. कागद इतका ठिसूळ की काही पानं उलगडताना कडेने पोपडे सुटतात. उलगडलेलं मोठं पान ४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके) रंगीत स्कॅन केलं आणि न दाबता, म्हणजे आकार कमी न करता, टिफ फाइलमध्ये ठेवलं, की एका पानाची फाइल सुमारे १८५ एमबीची होते. हजार पानांचे झाले १८५ जीबी. म्हणून चार टीबी, म्हणजे चार हजार जीबी. समितीत कुणीतरी विचारलं होतं, जेपीईजी करून पेनड्राइव्हवर का नाही ठेवत? मूळ प्रत एकदाच काढता येते आणि ती दाबून ठेवायची नसते, हे मला दोनदा समजावून सांगावं लागलं होतं.

फेब्रुवारीत माझ्याकडे कोटेशन मागितलं. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं, त्यातलं सर्वांत कमी. मी लिहिलं होतं : चार टीबी टीएलसी, डीरॅम असलेली, पाच वर्षं वॉरंटी, डबीसकट २७,५०० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून. टीएलसी हा मेमरी चिपांचा एक प्रकार, डीरॅम म्हणजे कंट्रोलरने तो नकाशा हाताशी ठेवायची वेगवान मेमरी. त्याखाली दुसरी ओळ : दुसऱ्या प्रतीसाठी चार टीबीच्या दोन हार्ड डिस्क. खजिनदारकाका निवृत्त बँकवाले. पै-पैचा हिशेब ठेवणारे आणि तितकेच सरळ. त्यांनी निळ्या पेनाने दुसरी ओळ खोडली. "ताई, हे पुढच्या वर्षी बघू. आणि पहिलीचं काय ते नीट करा. दुसऱ्याने १८,९०० दिलेत." ते खोडलेलं कोटेशन अजून माझ्या फायलीत आहे.

मी १८,९०० मध्ये बसवलं. म्हणजे वस्तू बदलली. चार टीबीचीच, नावाजलेल्या कंपनीची, अस्सल, पण क्यूएलसी या स्वस्त प्रकारची, बिनडीरॅमची, तीन वर्षांची वॉरंटी. मला त्यात ७०० रुपये सुटले. त्यामागे लोभ नव्हता. एका हिशेबावर माझा विश्वास होता, आणि तो हिशेब आजही चुकलेला नाही. हे प्रकरण डोक्यातून जात नाही ते त्यामुळेच.

हिशेब असा. टीएलसीच्या एका पेशीत, म्हणजे डेटा साठवणाऱ्या सूक्ष्म कप्प्यात, तीन बिट राहतात, म्हणजे विद्युतभाराच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात. क्यूएलसीत चार बिट, १६ पातळ्या. पातळ्या जितक्या जवळजवळ, तितकी पेशी लवकर थकते. म्हणून चार टीबीच्या चांगल्या टीएलसी ड्राइव्हवर २४०० टीबी लिहीपर्यंतची हमी मिळते, तर स्वस्त क्यूएलसीवर ८०० ची. ऐकायला फरक तिप्पट. पण वाचनालय लिहिणार किती? वर्षाला फार तर चार टीबी. ८०० संपायला दोनशे वर्षं लागतील. मग झीज कमी व्हावी म्हणून ८,६०० रुपये जादा का घ्यायचे? दिवसभर व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला मी ही वस्तू कधीच दिली नसती. इथे मला ती बिनधास्त वाटली.

देताना मी काकांसमोर वेग मोजून दाखवला. नेहमीचं टेस्टिंगचं सॉफ्टवेअर, एक जीबीची चाचणी, सेकंदाला ४२० एमबी. लॅपटॉपच्या यूएसबीची धाव तेवढीच. काका खूश झाले. मुलगा मागे उभा होता. त्याच्याशी मी एक शब्द बोलले नाही.

आता त्या शनिवारी काय झालं ते. क्यूएलसी मुळात संथ असते. म्हणून कंट्रोलर रिकाम्या पेशींत चारऐवजी एकच बिट भराभर लिहून घेतो आणि नंतर फावल्या वेळात ते नीट रचतो. या रिकाम्या जागेला कॅश म्हणायचं. ड्राइव्ह कोरा असताना चार टीबीच्या पेशींत एक-एक बिटाने जास्तीत जास्त एक टीबी मावतो, त्यामुळे सुरुवातीला तुम्ही दोनशे जीबी ओता नाहीतर पाचशे, वेग पडतच नाही. पण ड्राइव्ह भरत जातो तशी ही जागा आकसते. अठराव्या आठवड्यात सव्वातीन टीबीच्या घरात पोहोचलेल्या ड्राइव्हवर तिथे दीडशे जीबीसुद्धा जेमतेम उरली होती, आणि मुलाला ओतायचे होते १८५. कॅश संपली. आता कंट्रोलरला एकाच वेळी जुनं रचायचं आणि नवं घ्यायचं. वेग ४२० वरून ६०-७० वर, मध्येमध्ये शून्यावर. विंडोजच्या खिडकीतली हिरवी रेघ जमिनीला टेकलेली. आधीच्या दोन शनिवारीही असं झालं होतं, तेव्हा वायर काढून परत जोडल्यावर काम झालं होतं. रात्रीचे साडेआठ, शिपाई किल्ल्या वाजवत उभा. याही वेळी मुलाने वायर काढली.

नेमकं तेव्हा कंट्रोलर नकाशा बदलत होता. डीरॅम असता तरी वीज अचानक तुटणं वाईटच. पण बिनडीरॅमचा ड्राइव्ह नकाशाचे तुकडे सारखे आतबाहेर करत असतो. लॅपटॉपच्या आत बसवला तर तो कॉम्प्युटरची थोडी मेमरी उसनी घेतो. यूएसबीच्या डबीत घातला की ती सोय बंद. खोक्यावर हे कुठे लिहिलेलं नसतं, डीलर सांगत नाही, आणि मीही डबीत घालून देताना सांगितलं नाही. याचा मला खरोखर संताप येतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात फक्त सर्वांत जास्त वेग छापतात, भरलेल्या ड्राइव्हचा वेग छापत नाहीत. शिवाय काही कंपन्या मॉडेलचं नाव तेच ठेवून आतल्या चिपा बदलतात. ग्राहकाने भाव आणि भरवसा तोलायचे, पण भरवशाच्या पारड्यात काय टाकायचं ते त्याला दिसूच द्यायचं नाही.

मुलाने विचारलं, लॅपटॉपवरून डिलीट केलेली पानं परत येतील? कॉपी पूर्ण झाली की तो जुन्या आठवड्याची पानं पुसायचा, ५१२ जीबीत किती ठेवणार? लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असती तर बरंच काही काढलं असतं. एसएसडीत पुसलं की विंडोज लगेच ट्रिमचा निरोप, म्हणजे या जागा आता नको आहेत असा संदेश, देतं आणि ड्राइव्ह त्या जागा सावकाश खरोखर रिकाम्या करतो. हाती लागला तो फक्त शेवटचा आठवडा, कारण त्याची कॉपी पुरी झालेली नव्हती.

सोमवारी समितीची बैठक झाली. काकांचा पहिला प्रश्न, "तीन वर्षांची वॉरंटी आहे ना?" आहे. वॉरंटीत नवा, कोरा ड्राइव्ह मिळतो. त्यासाठी जुना जमा करायचा आणि आतली पानं विसरायची. उलट पानं हवी असतील तर डेटा परत काढून देणारी लॅब लेबल काढणार, सर्किट बोर्डवरचे दोन बिंदू जोडून कंट्रोलरला सेफ मोडमध्ये नेणार, नकाशा नव्याने बांधणार, आणि वॉरंटी तिथेच संपणार. दोन्ही मिळत नाही. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पानं आणा." मुंबईच्या लॅबने ४८,००० सांगितले. त्यातले १५,००० मी भरले. काका नको म्हणत होते, पण मला रात्री झोप यायला हवी होती.

एक सदस्य म्हणाले, महाग घेतला असता तर हे झालंच नसतं. मला हो म्हणवलं नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीने स्वतःच जाहीर केलं होतं की त्यांच्या काही सर्व्हरच्या एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की फर्मवेअरमधल्या (ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरमधल्या) चुकीमुळे बंद पडतील आणि डेटा परत मिळणार नाही. ३ वर्षं २७० दिवस ८ तास. सर्व्हरला लागणारा, आपल्या ड्राइव्हहून कितीतरी महाग माल तो. एकाच दिवशी बसवलेले सगळे ड्राइव्ह एकाच सुमारास जाणार, म्हणजे एकाची प्रत दुसऱ्यावर असूनही उपयोग नाही. ज्यांनी वेळेवर फर्मवेअर बदललं ते वाचले. एका ड्राइव्हवर विसंबायचं तर किंमत कितीही मोजली तरी पुरी पडत नाही.

आणि तरीही. टीएलसी असती तर त्या शनिवारी वेग पडला नसता. वेग पडला नसता तर मुलाने वायर काढली नसती. मग माझा दोनशे वर्षांचा हिशेब नेमका कशाचा होता? पेशींच्या झिजेचा. पेशी तर आजही धडधाकट आहेत. मी ड्राइव्हचं आयुष्य मोजलं. साडेआठ वाजता किल्ल्यांचा आवाज ऐकत हिरव्या रेघेकडे बघणारा माणूस त्यात धरलाच नाही. सगळं समजावलं ते चेकवर सही करणाऱ्याला. वायर ज्याच्या हातात राहणार होती त्याला काही नाही.

लॅबने तीन आठवड्यांनी दोन हार्ड डिस्क पाठवल्या. ४१२ फाइली फुटलेल्या निघाल्या. मी आणि मुलाने यादी करून कागदाच्या बांधीव फायलींशी ताडून पाहिली. ३९५ पानं पुन्हा स्कॅन होण्याजोगी होती, ती त्याने आठवड्यात केली. उरलेली सतरा एकाच बांधणीतली, वाळवीने आधीच पोखरलेली. मे महिन्यात ती उलगडताना तुटली होती. तुकडे जुळवून, काच ठेवून त्याने ती कशीबशी स्कॅन केली होती आणि तुकडे पाकिटात घालून ठेवले होते. पाकीट त्याने माझ्या टेबलावर उघडलं. नखाएवढे पिवळे कपटे, एका कपट्यावर जाहिरातीतला "आणे" हा शब्द. बाकीचा भुगा. ती पानं आता कुठेच नाहीत.

या वेळी कोटेशन मी समितीपुढे स्वतः वाचून दाखवलं. टीएलसी एक, हार्ड डिस्क दोन, एक वाचनालयात आणि एक काकांच्या घरी. काकांनी काही खोडलं नाही, फक्त विचारलं, "थोडं कमी होईल?" तीनशे कमी केले.

ड्राइव्ह दिला त्या दिवशी मुलाला दुकानात बोलावलं. म्हटलं, सही कुणाचीही असो, वापरणार तू आहेस. याच्यातही वीज तुटल्यावर सांभाळून घेणारे कपॅसिटर नाहीत, ते सर्व्हरच्या मालात असतात. म्हणून वेग पडला तरी हात लावायचा नाही आणि सेफली रिमूव्ह म्हटल्याशिवाय वायर काढायची नाही. त्याने विचारलं, "ताई, पण थांबायचं किती वेळ?"

हा प्रश्न तो मार्चमध्येही विचारू शकला असता. मी खुर्ची ओढली. दोघांनी मिळून नवा ड्राइव्ह खोट्या फाइलींनी साडेतीन टीबीपर्यंत भरत नेला. सव्वादोन तासांहून थोडा जास्त वेळ लागला. वेग चारशेच्या खाली गेला नाही. दर अर्ध्या तासाला तो आकडा वाचायचा आणि स्वतःच्या वहीत लिहायचा, तारखेसकट. मधे दोनदा चहा झाला. शेवटी त्यानेच सेफली रिमूव्ह केलं, दिवा विझण्याची वाट पाहिली आणि मग वायर काढली.