संकासुर, लक्ष्मी आणि दीडशे चॉकलेटं

२०२४ च्या लक्ष्मीपूजनाला माझ्या दारात सगळ्यात आधी आला तो डायनासोर. वय असेल चार. शेपूट पायरीच्या कठड्यात अडकलेली आणि त्याचे बाबा वाकून ती सोडवतायत. मी संकासुराच्या, म्हणजे कोकणातल्या दशावतारी नाटकातल्या राक्षसाच्या वेषात. दोघंही एकमेकांकडे बघून गप्प.

हे घडलं ते तिथीमुळे. घरी, कुडाळला, दाते पंचांगाप्रमाणे लक्ष्मीपूजन शुक्रवारी, १ नोव्हेंबरला. इथे अमेरिकेत, इलिनॉय राज्यात, गुरुवारी, ३१ ऑक्टोबरला. भारतात अमावास्या गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास लागली आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर संपली. त्याच तासांत इलिनॉयमध्ये गुरुवारची पहाट ते शुक्रवारची सकाळ येते. तिथी जगभर एकाच क्षणी लागते, संध्याकाळ मात्र ज्याच्या त्याच्या गावची. आमच्या वाट्याला अमावास्येची जी एक संध्याकाळ आली, ती नेमकी हॅलोविनची, मुलं भुताखेतांचे वेष घालून दारोदार खाऊ मागतात त्या सणाची.

मी राहते ऑर्चर्ड डाउन्समध्ये. इलिनॉय विद्यापीठाची अर्बानामधली ही वसाहत पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आणि संसारी लोकांसाठी. डॉर्मातल्या पोरांचं हॅलोविन वेगळं: आठवडाभर पार्ट्या, रोज नवा वेष, ग्रीन स्ट्रीटवर मध्यरात्री थंडीत कुडकुडणाऱ्या परी. त्याबद्दल मला फारसं सांगता येणार नाही, मी साडेदहाला झोपते. आमच्याकडे हॅलोविन लहान मुलांचं. चीन, कोरिया, घाना, ब्राझील, जिथून तिथून आईबाप पीएचडी करायला आलेत आणि त्यांची पोरं इथल्या पोरांहून जास्त उत्साहानं बादल्या घेऊन फिरतात.

नियम एकच आणि तो सगळ्यांना पाठ. दाराबाहेरचा दिवा चालू असेल तर या, बंद असेल तर पुढे जा. त्याच्या आदल्या वर्षी मी आणि रूममेटनं दिवा बंद करून आत मॅगी खाल्ली होती, पडदे ओढून, हळू आवाजात बोलत. पैसे वाचले. या वेळीही तोच बेत होता, पण लक्ष्मीपूजनाला दारात अंधार कसा ठेवणार?

बुधवारी रात्री आईला फोन केला. तिकडे गुरुवारची सकाळ, म्हणजे नरक चतुर्दशी. तुळशीपुढे कारीट फोडून झालेलं, गूळपोहे खाऊन झालेले, रात्रभर नरकासुर ओढत हिंडलेला भाऊ ओसरीवर आडवा. मी म्हटलं, इथे उद्या दारोदार भुतं येणार आहेत, दिवा लावू की नको?

"दार उघडा ठेव गो. लक्ष्मी येतली."

"आणि भूत इला तर?"

"येवंदेत. त्येंकाय लाडू दी."

भोपळा आम्ही आधीच आणला होता. दापोलीच्या कृषी विद्यापीठात चार वर्षं काढून इथे पीकशास्त्र शिकायला आलेल्या मुलीला भोपळा कोरता येऊ नये, ही शरमेची गोष्ट आहे. मी झाकण सरळ उभं कापलं. भोकाएवढंच झाकण, ते थेट आत पडलं. सुरी तिरकी धरायची असते, आतल्या बाजूला उतरती, म्हणजे झाकण काठावर बसतं. हे मला तळमजल्यावरच्या सात वर्षांच्या मुलीनं सांगितलं, तेही झाकण पडल्यावर. मग चार टूथपिक खोचून ते देठासकट वर टांगून ठेवलं.

आतला गर पाहून मात्र माझ्यातली कोकणी जागी झाली. एवढा गर टाकायचा? घारगे करू. गूळ होता, तांदळाचं पीठ होतं. किसला तर पाणीच पाणी. पिळला, तर हातात राहिला काथ्या. घारगे तेलात गेल्यावर पसरले आणि चवीला ओल्या पुठ्ठ्यासारखे लागले. रूममेट अमरावतीची. ती मागून म्हणाली, "काय करून राह्यली तू? हा शोभेचा भोपळा आहे."

तिचं बरोबर होतं आणि मला ते आधी कळायला हवं होतं. कोरायचे नारिंगी भोपळे, ते हाउडन वगैरे, कुकुर्बिटा पेपो या जातीचे. ताठ देठ, उभं राहणारं अंग, चवीशी संबंध नाही. आपला लाल भोपळा कुकुर्बिटा मोशाटा. आणि गंमत अशी की इथून दीडेक तासावर, पिओरियाजवळ मॉर्टन नावाचं गाव आहे, अमेरिकेतला बहुतेक सगळा डबाबंद भोपळा तिथे तयार होतो, आणि त्यासाठी लावतात तो डिकिन्सन भोपळाही मोशाटाच. दिसायला मातकट, कोरायला निरुपयोगी, खायला आपल्यासारखा. म्हणजे घारग्यांसाठी मला दुकानातला डबा फोडायला हवा होता. (नंतर फोडला. जमले.) आयर्लंडात म्हणे हे दिवे सलगमात कोरायचे. तिथली माणसं अमेरिकेत आली, त्यांना भोपळा सापडला आणि सलगम सुटला. सलगम कोरायला किती कठीण जात असेल, या विचारानंच मनगट दुखलं.

वेषाचं मी शेवटपर्यंत ठरवलं नव्हतं. मग काळा कुर्ता, काळी ओढणी तोंडाभोवती, डोळ्यांभोवती काजळ आणि पांढरा रंग, आणि लाल रिबिनीची हातभर जीभ. आमच्या गावच्या दहीकाल्याला दशावतारात संकासुर असाच यायचा. वेद चोरणारा राक्षस, पण बोलायला इतका तिरकस की देवांपेक्षा टाळ्या त्यालाच. लहानपणी मी त्याला घाबरून आजीच्या पदरात तोंड लपवायचे आणि एक डोळा उघडा ठेवायचे. तिथे ही कामं पुरुषच करतात. अर्बानामध्ये हरकत घ्यायला कुणी नव्हतं.

सहाच्या सुमारास अंधारलं. आत टेबलावर लक्ष्मीचा फोटो, लाह्या-बत्तासे, नवी वही. घरात ज्योत लावायची परवानगी नाही, म्हणून बॅटरीच्या पणत्या. बाहेर दिवा, भोपळा, आणि मी, राक्षस. एका अंगानं पूजेची यजमान, दुसऱ्या अंगानं वेदचोर.

कोण आहेस, हे प्रत्येक मूल विचारायचं. राक्षस सांगितलं की मान हलवायची, पण पटायचं नाही. शेवटी मी सांगायला लागले की जगातली सगळ्यात महत्त्वाची पुस्तकं चोरणारा राक्षस. हे लगेच कळायचं. एक मांजर झालेली मुलगी, चष्मा मिशांवर घसरलेला, गंभीरपणे म्हणाली, "परत केलीस का?" दोन्ही पालक विद्यापीठात असल्यावर पोरांना वाचनालयाची धास्ती कशी असते, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. देवानं येऊन काढून घेतली, म्हटलं. ती म्हणाली, मग ठीक.

दीडशे चॉकलेटांची पिशवी पावणेआठला संपली. आईच्या आज्ञेप्रमाणे बेसनाचे लाडू होते, पण घरी केलेला, उघडा लाडू कुणाच्या मुलाला देता येत नाही. आईबाप घेऊच देत नाहीत. शिवाय आमच्या लाडवात काजू. समोरच्या दारात मोरचुदाच्या रंगाचा एक भोपळा ठेवला होता. तो रंग म्हणजे इथे खाऊऐवजी वस्तू मिळेल, ॲलर्जीवाल्या मुलांनीही यावं. २०१४ पासून ही पद्धत देशभर पसरली. ते बघून मला पूजेतली वाटी आठवली. भारतातून येताना पर्समध्ये राहिलेली नाणी, पाच आणि दहा रुपयांची, मी लक्ष्मीपुढे मांडली होती. हळद-कुंकू लागलेली.

समुद्री चाच्याच्या वेषातल्या पुढच्या पोराला मी पाचाचं नाणं दिलं. त्यानं ते दिव्याखाली धरलं, उलटवलं, तिन्ही सिंह बघितले आणि मागे वळून ओरडला की इथे खरा खजिना मिळतोय. त्यानंतर दहा मिनिटांत अठरा मुलं. ज्यांना आधी चॉकलेट मिळालं होतं, तीही परत आली. रूममेट आतून ओरडत होती, "अगं, लक्ष्मी वाटून राह्यली तू!"

नऊला दिवा मालवला. वाटीत दहाचं एक नाणं उरलं होतं.

सकाळी आठला आईचा व्हिडिओ कॉल. तिकडे साडेसहा, पूजा नुकतीच झालेली, मागे खऱ्या पणत्या. तिनं फोन डोळ्यांजवळ नेऊन माझ्याकडे बघितलं. काजळ आणि पांढरा रंग गालांवर ओघळलेला, तसाच.

"तोंड धू आधी," ती म्हणाली. "मगे पाया पड."