मिकी गप्प का राहतो?

आमच्या घरात परवा पुन्हा 'द फायटर' लागला आणि पुन्हा वाद झाला. डेव्हिड ओ. रसेलचा २०१० चा हा सिनेमा. सासूबाई सध्या मिरजेहून आल्या आहेत, मुलगा कॉलेजच्या सुट्टीत घरी आहे, आणि एक मैत्रीण जेवायला थांबली होती. प्रत्येकाचं मत वेगळं, आणि मला त्यातलं एकही पुरतं पटलं नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मिकी वॉर्ड हा लोवेलचा खराखुरा बॉक्सर. लोवेल म्हणजे मॅसॅच्युसेट्समधलं जुनं गिरणगाव, आम्ही राहतो त्या चेम्सफर्डला अगदी लागून. मेरिमॅक नदीच्या पाण्यावर कापडगिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा शहर वाढलं, त्या बंद पडल्या तेव्हा खचलं. मिकीचा थोरला भाऊ डिकी एकलंड, एकाच आईची मुलं, वडील वेगळे. डिकी १९७८ साली शुगर रे लेनर्डशी दहा फेऱ्या लढला आणि हरला. पण त्या लढतीत लेनर्ड एकदा खाली गेला होता. डिकीने पाडला की तो घसरला, हा प्रश्न सिनेमाभर डिकीचा पिच्छा पुरवतो. त्या एका रात्रीच्या पुण्याईवर तो 'लोवेलची शान' म्हणून मिरवतो आणि दुसरीकडे क्रॅकच्या नशेत बुडत जातो. आई अ‍ॅलिस मिकीची मॅनेजर, डिकी ट्रेनर, घरात सात बहिणी. मिकी लढणार आणि बाकी सगळे त्याच्या मागे उभे राहणार, असा हा संसार.

मी काळाचौकीची. ब्याऐंशीच्या संपानंतर ज्या घरांचा गिरणीचा पगार कायमचा थांबला, त्यातल्या एका घरात वाढले. एका मुलाच्या अंगातल्या जोरावर अख्ख्या घराचे डोळे का लागतात, हे मला कुणी समजावून सांगायला लागलं नाही.

मुलाचं म्हणणं असं की सिनेमा डिकी झालेल्या ख्रिश्चन बेलचा आहे. मिकी झालेला मार्क वॉलबर्ग नुसता उभा असतो, मिकीला काही बोलताच येत नाही, मग नायक कशाला म्हणायचं? हे मत मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. ऑस्करवाल्यांचंही तसंच झालं असावं. बेल, आई झालेली मेलिसा लिओ आणि मिकीची प्रेयसी झालेली एमी अ‍ॅडम्स या तिघांना अभिनयाची नामांकनं मिळाली, पहिले दोघे जिंकलेही. वॉलबर्गचं नाव अभिनयाच्या यादीत नव्हतं.

माझं उत्तर आहे की मिकीला रिंगमध्ये नीट बघा. १९९७ ची अल्फोन्सो सांचेझबरोबरची लढत घ्या. मिकी फेरीमागून फेरी मार खातो. हात वर, हनुवटी आत, मागे मागे सरकतोय. समालोचक वैतागलेत, हा लढतच नाही म्हणतात. आणि सातव्या फेरीत एकदम डावा हूक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, समोरच्याच्या उजव्या बरगड्यांखाली, थेट यकृतावर. डोक्यावर ठोसा बसला तर माणूस भेलकांडतो, डोळे फिरतात. यकृतावर बसला तर क्षणभर काहीच होत नाही. समोरचा उभाच असतो, कदाचित एक पाऊल पुढेही टाकतो. मग श्वास अडकतो, चेहरा आक्रसतो आणि गुडघे आपोआप दुमडतात. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, पंच आकडे मोजतोय हे त्याला ऐकू येतं, पण उठता येत नाही. सांचेझ तसाच पडला. हे सिनेमावाल्यांनी रचलेलं नाही, खऱ्या लढतीतही असंच झालं. सिनेमातल्या लढती तर त्या काळच्या टीव्ही प्रक्षेपणासारख्याच चित्रित केल्यात, तेच थोडं धुरकट, सपाट चित्र.

मिकी घरातही असाच आहे. तो सोसतो, जागा सोडत नाही, आणि वाट बघतो. अटलांटिक सिटीला ठरलेला प्रतिस्पर्धी आजारी पडतो, ऐन वेळी दुसरा आणतात, वीस पौंडांनी जड. लढला नाहीस तर कुणालाच पैसे मिळणार नाहीत, हे त्याला घरचेच ऐकवतात. मिकी आईकडे बघतो, भावाकडे बघतो आणि रिंगमध्ये उतरतो. बेदम मार खातो. वॉलबर्ग तिथे चेहऱ्यावर फारसं काही आणत नाही, आणि मला ते फार खरं वाटतं. ज्या घरात बोलणारे दहा जण असतात, तिथे एक जण असा होतोच. मुलाला मी म्हटलं, बेलचं काम अफाट आहे, वादच नाही. पण डिकीचा सगळा आरडाओरडा अंगावर घेणारं कुणी नसतं, तर तो नुसता तमाशा झाला असता.

मैत्रिणीला अ‍ॅलिसचा मनस्वी राग. तिच्या मते मिकीने या घराशी संबंध तोडायला हवे होते, आणि शेवटी तो सगळ्यांना परत घेतो तिथे सिनेमा कच खातो. तिची बाजू शार्लीनची. शार्लीन म्हणजे मिकीची प्रेयसी, बारमध्ये काम करणारी, एके काळी उंच उडीच्या जोरावर कॉलेजात गेलेली आणि ते अर्धवट सोडून आलेली मुलगी. मिकीला स्वतःसाठी उभं राहायला तीच शिकवते. डिकी तुरुंगात गेल्यावर मिकीला नवा मॅनेजर मिळतो, त्याची अट सरळ असते: डिकी नको, आई नको. ट्रेनर म्हणून ओकीफ येतो. (ओकीफ हे खरोखर लोवेलचे पोलीस सार्जंट आणि मिकीचे ट्रेनर होते. सिनेमात त्यांची भूमिका त्यांनी स्वतःच केलीय आणि नटांच्या घोळक्यात ते जराही परके वाटत नाहीत.) यानंतर मिकी जिंकायला लागतो. इथपर्यंत मैत्रिणीचं म्हणणं बिनतोड आहे.

पण सांचेझला पाडायची युक्ती आली कुठून? तुरुंगात भेटायला गेलेल्या मिकीला डिकी ती सांगतो. मिकी तिथे चिडतो, ऐकून घेत नाही, आणि लढतीत नेमकी तीच वापरतो. ज्या भावाने त्याचं वाटोळं केलं त्याच भावाने त्याला ठोसा मारायला शिकवलं. संबंध तोडायचे तर यातलं काय तोडायचं? लांबून 'तोड' म्हणणं सोपं असतं.

सासूबाईंना बोस्टनकडचं इंग्रजी कळत नव्हतं, खालची अक्षरं वाचून त्या बघत होत्या. त्यांना सगळ्यात भिडला तो गाडीतला प्रसंग. आई शोधत आली की डिकी मागच्या खिडकीतून कचऱ्यात उडी मारून पळतो. एकदा ती त्याला पकडतेच. गाडीत जाऊन बसते, डोळे भरलेले. तो शेजारी बसतो आणि एक जुनं गाणं हळू आवाजात म्हणायला लागतो. ती आधी तोंड फिरवते, मग रडत रडत त्याच्या सुरात सूर मिळवते. सासूबाई म्हणाल्या, "पडणारं लेकरू असलं की आईचा हात आधी तिकडंच जातो गं. तिला कशाला वाईट म्हणायचं?"

मी त्यांना पुढचा प्रसंग आठवून दिला. डिकी सुटून आलाय, जिममध्ये सगळे एकमेकांवर तुटून पडलेत, आणि मिकी आईला विचारतो की तू माझीही आई आहेस ना? मेलिसा लिओचा चेहरा तिथे बघण्यासारखा आहे. इतकी वर्षं तिने हिशेब केलाच नव्हता, हे तिला त्या क्षणी कळतं. सासूबाई थोडा विचार करून म्हणाल्या, "हां, ते तिचं चुकलंच. एकाला सावरताना दुसऱ्याला मार खायला कशी धाडते ती?" मला वाटतं अ‍ॅलिसबद्दल याहून न्याय्य बोलणं अवघड आहे. ती दुष्ट नाही. तिचं प्रेम खोटं नाही. पण त्याची किंमत तिने गरीब स्वभावाच्या मुलाकडून वसूल केली, कारण तो तक्रार करत नव्हता.

आमच्या ह्यांचा आक्षेप तांत्रिक. शेवटी लंडनला शे नीरीला हरवून मिकी जो किताब जिंकतो तो डब्ल्यूबीयूचा, म्हणजे बॉक्सिंगच्या चार मोठ्या संघटनांपैकी एकाचाही नव्हे, आणि सिनेमा मात्र जग जिंकल्यासारखा दाखवतो. बरोबर आहे. माझं त्यावर काही भांडण नाही.

माझी तक्रार वेगळी आहे, सात बहिणींबद्दल. फुगवलेल्या केसांचा तो एक जमाव करून टाकलाय. शार्लीनच्या दारात जाऊन मारामारी करायची आणि सोफ्यावर दाटीवाटीने बसून बघायचं, याखेरीज त्यांना काम नाही. घरनिष्ठेवरच्या सिनेमात सात मुलींपैकी एकीचंही स्वतःचं असं काही असू नये, हे मला खटकतं. डिकीला इतकं जपलं जाताना त्या मुलींना काय मिळालं, हा प्रश्न कुणाला पडलेलाच दिसत नाही.

तरीही हा सिनेमा मला का इतका जवळचा वाटतो, तर जिममधल्या त्या भांडणामुळे. तिथे मिकी पहिल्यांदा पुरता बोलतो. त्याला शार्लीन हवी, ओकीफ हवा, डिकी हवा, घर हवं. कुणाला तरी निवड म्हणून सगळे त्याच्या मागे लागलेत आणि तो निवडायला नकार देतो. आयुष्यभर मागे सरकून त्याने जो ठोसा राखून ठेवला होता तो हा. आणि तो बसतो, पण यकृतावरच्या ठोशासारखाच, जरा उशिराने. आधी शार्लीन आणि ओकीफ तर रागाने निघून जातात. तेव्हा डिकी पहिल्यांदा स्वतःहून काहीतरी करतो. केक घेऊन जुन्या नशेच्या अड्ड्यावर जातो, तिथला निरोप घेतो आणि चालत शार्लीनच्या दारात पोचतो. आपलं दोघांचं जमत नाही, पण मिकीला आपण दोघंही लागतो, असं तिला सांगतो. कुणी कुणाला मिठी मारत नाही. शार्लीनही विरघळत नाही, परत येते एवढंच.

सिनेमा नीरीपाशी थांबतो, त्यामुळे बऱ्याच जणांना पुढचं माहीत नसतं. मिकीच्या सगळ्यात गाजलेल्या लढती त्यानंतरच्या, आर्तुरो गात्तीबरोबरच्या तीन. पहिली १८ मे २००२ ची. तिची नववी फेरी जरूर बघा. सुरुवातीलाच मिकीचा तोच डावा हूक गात्तीच्या बरगड्यांखाली बसतो आणि गात्ती गुडघ्यावर येतो. मिकीच्या कोपऱ्यात त्या रात्री डिकी होता. पहिली लढत मिकीने जिंकली, पुढच्या दोन गात्तीने. आणि २००७ साली गात्ती शेवटचा रिंगमध्ये उतरला तेव्हा त्याचा ट्रेनर होता मिकी वॉर्ड.