तुम्ही विचारलेत म्हणून : मिनेसोटाच्या थंडीत गॅरेजमध्ये सुतारकाम

गेल्या काही वर्षांत ओळखीच्या घरांसाठी मी मेपलचे आणि अक्रोडाचे पाट, पोळपाट, चौरंग आणि दोन देव्हारे केले. वस्तू हातात घेतल्यावर लोक आधी लाकडाची चौकशी करतात. मग, विशेषतः ज्यांनी इकडे नुकतेच घर घेतले आहे ते, हमखास विचारतात : "जानेवारीत तुम्ही त्या गॅरेजमध्ये उभे तरी कसे राहता, आणि ते गरम ठेवायला खर्च किती येतो?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला आहे की उत्तर एकदा सविस्तर लिहून काढावे असे वाटले. थोडक्यात सांगायचे तर जानेवारीत साधारण पन्नास तास काम केले की गॅरेजसाठी सुमारे 200 युनिट वीज लागते आणि माझ्या दराने तिचे 30 डॉलर होतात. मात्र हा आकडा इतका लहान राहावा म्हणून त्याआधी दोन वर्षांत मिळून जवळजवळ 2,500 डॉलर खर्च झाले, आणि त्यातले हीटरवर गेले ते 400 सुद्धा नव्हते. बाकीचे पैसे भिंती, छत, दार आणि वायरिंग यांत गेले. गळक्या घागरीला आधी डांबर लावावे आणि मग पाणी भरावे, तसाच हा क्रम आहे. मी पहिल्या वर्षी तो उलटा केला होता.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिस शहराच्या परिसरात जानेवारीचे सरासरी तापमान उणे 9 अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि काही रात्री ते उणे 25 च्याही खाली जाते. माझे गॅरेज 24 फूट लांब, 24 फूट रुंद आणि घराला लागून आहे, म्हणजे त्याची एक भिंत घराशी सामायिक आहे आणि तीन भिंती उघड्यावर आहेत. घर घेतले तेव्हा या तीन भिंतींच्या आतल्या बाजूला नुसते उभे वासे दिसत होते, वर पाहिले की छताची कैची आणि तिच्यावरचे प्लायवूड दिसे, आणि समोर सोळा फुटी पत्र्याचे दार होते. घर बांधणाऱ्याने ती जागा गाडीसाठीच बांधलेली असल्यामुळे त्यात चूक काही नव्हती.

पहिल्या हिवाळ्यात मी रॉकेलवर चालणारा, धुराडे नसलेला हीटर आणला. तासाभरात हात उघडे ठेवून काम करता येऊ लागले आणि प्रश्न सुटला असे मला वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल सॉवरचे, म्हणजे टेबलात गोल करवत बसवलेल्या यंत्रावरचे, कापड उचलले, तर त्याच्या बिडाच्या गुळगुळीत माथ्यावर नारिंगी गंजाचा थर होता, आणि आदल्या रात्री मी जिथे तळहात टेकवला होता तिथे पाचही बोटांचा ठसा अधिक गडद उमटला होता. कारण साधे आहे. रॉकेल जळताना त्यातल्या हायड्रोजनचे पाणी होते आणि एक गॅलन रॉकेलामागे जवळजवळ एक गॅलन पाणी वाफेच्या रूपाने खोलीत सुटते. हवा गरम झाली तरी तीनशे पौंडांचे यंत्र थंडच असते, आणि ती सगळी वाफ त्याच्यावर दवासारखी जमते. प्रोपेनच्या उघड्या हीटरचेही असेच होते. गंज घासून काढता आला, पण त्याच महिन्यात एका संध्याकाळी डोके जड झाले आणि पाठोपाठ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, तेव्हा तो हीटर मी कायमचा बंद केला. या वायूला वास नसतो आणि डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची लक्षणे दमल्यासारखीच वाटतात. म्हणून बंद गॅरेजमध्ये धुराडे नसलेली कोणतीही ज्योत पेटवू नये, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. अलार्म तर कोणताही हीटर असला तरी हवाच.

त्यानंतर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पृष्ठभागाचे क्षेत्रफळ चौरस फुटांत घ्यावे, त्याला आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फॅरनहाइट फरकाने गुणावे आणि आर-मूल्याने, म्हणजे इन्सुलेशनच्या (उष्णता अडवणाऱ्या अस्तराच्या) गठ्ठ्यावर छापलेल्या आकड्याने, भागावे. उत्तर येते ते त्या पृष्ठभागातून दर तासाला निघून जाणाऱ्या उष्णतेचे, बीटीयू या एककात. बाहेर 10 अंश फॅरनहाइट आणि आत 55 हवे असतील तर फरक 45 चा. माझ्या छताचे क्षेत्रफळ 576 चौरस फूट, आणि नुसत्या प्लायवूड व शिंगल्सच्या (वरून ठोकलेल्या पातळ चकत्यांच्या) छताचे आर-मूल्य 2 धरले तर तासाला जवळजवळ 13,000 बीटीयू वरच्या वर निघून जात होते. तेच आर-38 केल्यावर 680 होतात. तीन भिंती, दार, जमिनीची कड आणि फटींतून येणारा वारा यांचाही असाच हिशेब मांडला तेव्हा एकूण बेरीज 35,000 च्या घरात गेली, म्हणजे दहा किलोवॅटचा हीटर सतत चालायला हवा होता. सगळे नीट बंद केल्यास तीच बेरीज 9,000 पर्यंत, म्हणजे अडीच-पावणेतीन किलोवॅटवर येणार होती. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर पैसे कुठे घालायचे याचा निर्णय आपोआप झाला.

पण इन्सुलेशनच्याही आधी फटी. जानेवारीतल्या एका वादळी रात्री सगळे दिवे बंद करून, हातात पेटती उदबत्ती आणि बॅटरी घेऊन मी भिंतींच्या कडेने सावकाश फिरलो. धुराची रेघ सरळ वर जात असेल तर पुढे सरकायचे, आणि जिथे ती वाकेल किंवा तुटेल तिथे खडूने फुली मारायची. खिडकीपाशी वारा लागेल अशी माझी समजूत होती, पण खिडकी ठीक निघाली. सर्वांत जास्त फुल्या पडल्या त्या काँक्रीटच्या पायावर भिंतीचा तळचा आडवा वासा जिथे टेकतो त्या रेघेवर. तिथे ठिकठिकाणी पोस्टकार्ड सरकवता येईल एवढी फट होती. त्याखालोखाल विजेचे डबे, पाण्याचा नळ बाहेर जातो ते भोक आणि मोठ्या दाराचे खालचे दोन कोपरे. फोमचे सात डबे, सीलंटच्या काही नळ्या आणि दाराच्या तळाशी नवे रबर एवढ्यावर हे काम झाले. या कामाला 100 डॉलरसुद्धा लागले नाहीत, आणि डॉलरमागे सर्वांत अधिक फायदा मला याच कामात मिळाला. उदबत्तीची ही रात्र कुणीही वगळू नये.

भिंतींच्या वाशांमध्ये आर-13 च्या फायबरग्लासच्या गाद्या बसवल्या. त्या दाबून कोंबायच्या नसतात, कारण उष्णता अडवते ती त्यांच्यात अडकलेली हवा, आणि गादी दाबली की ती हवा जाते. गादीच्या आतल्या, म्हणजे उबदार बाजूला, प्लास्टिकचा जाड कागद ताणून लावला, कारण या प्रदेशात खोलीतली वाफ भिंतीत शिरून आत गोठण्याची भीती असते. वर ड्रायवॉलचे, म्हणजे जिप्समच्या तक्त्यांचे, छत केले आणि त्याच्यावर सेल्युलोज, म्हणजे आग धरू नये म्हणून बोरेट मिसळलेला जुन्या वर्तमानपत्रांचा चुरा, यंत्राने उडवून पसरला. ठरावीक पोत्यांवर हे यंत्र दुकानदार दिवसभरासाठी फुकट देतो. खाली एकाने पोती ओतायची आणि वर एकाने नळी धरायची असे हे दोन माणसांचे काम आहे, आणि माझ्या पत्नीने खालची बाजू सांभाळली म्हणूनच ते एका दुपारी उरकले. वळचणीकडच्या झरोक्यांवर चुरा पडू न देण्याची काळजी मात्र घ्यावी लागते, कारण छताखालची हवा खेळती राहिली नाही तर तिथेच ओल धरते.

दाराबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण बहुतेक जण तिथे घाई करतात. पत्र्याच्या दाराच्या प्रत्येक चौकटीत बसतील असे फोमचे ताव मी कापून बसवले, आणि त्यासाठी उघडा राहिला तरी चालेल असा, तशी चाचणी झालेला फोम मुद्दाम निवडला. साधा फोम घरात उघडा ठेवता येत नाही, त्याच्यावर अर्ध्या इंचाचा ड्रायवॉल लागतो, कारण पेटला तर तो विषारी धूर सोडतो. ताव बसवल्यावर दार जड झाले आणि अर्ध्यावर सोडले की खाली सरकू लागले. त्याचा अर्थ वरच्या स्प्रिंगचा ताण वाढवणे आवश्यक होते, आणि ते काम मी स्वतः केले नाही. पूर्ण दार तोलून धरण्याइतका ताण त्या स्प्रिंगमध्ये साठलेला असतो आणि हातातली सळई निसटली तर मनगट मोडते. या कामाला मी माहीतगार कारागीर बोलावला आणि त्याचे पैसे आनंदाने दिले.

वीज हे दुसरे काम मी जाणकाराकडे सोपवले. मी घेतलेला हीटर छताला टांगायचा, 5,000 वॅटचा, 240 व्होल्टवर चालणारा आहे. तो जवळजवळ 21 अँपिअर ओढतो, म्हणून त्याला 30 अँपिअरचा स्वतंत्र ब्रेकर आणि दहा गेजची तांब्याची तार लागते. गावाच्या कार्यालयातून परवाना काढला आणि तपासनीसाने येऊन काम पाहिले. परवान्याला लोक कंटाळतात, पण घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये आग लागली तर ती मुलांच्या खोलीपासून एका भिंतीवर असते, एवढे ध्यानात ठेवले तर तो कंटाळा राहत नाही. ज्या उपकरणात ठिणगी किंवा ज्योत असते ते गॅरेजच्या जमिनीपासून किमान 18 इंच वर असावे हा नियमही असाच आहे, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचते.

हा हीटर मी कायम चालू ठेवत नाही. बाहेर शून्य फॅरनहाइट असले तरी बंद गॅरेज आता आपणहून 25 अंशांच्या आसपास राहते. कामाच्या तासभर आधी हीटर लावला की ते 55 ते 60 पर्यंत येते, म्हणजे सेल्सिअसमध्ये साधारण 13 ते 16, आणि स्वेटर घालून काम करायला तेवढी ऊब उत्तम असते. रोज आठ तास काम करणाऱ्याने मिनी-स्प्लिट हीट पंपाचा, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत सोडणाऱ्या यंत्राचा, विचार करावा. त्याची किंमत बरीच अधिक असते, पण तेवढ्याच विजेत तो दुप्पट-तिप्पट उष्णता देतो. माझ्या पन्नास तासांत तो खर्च भरून निघायला फार वर्षे लागतील.

ऊब केवळ माणसासाठी नसते, हे मला एका पोळपाटाने शिकवले. मेपलच्या तीन पट्ट्या जोडून केलेला तो पोळपाट मी एका मैत्रिणीला दिला आणि पुढच्याच होळीला पुरणपोळी लाटताना तो तिच्या हाताखाली मधोमध दुभंगला. तुकडे परत आणून पाहिले तर सांध्यावरचा डिंक पिवळट आणि कडक असायच्या ऐवजी खडूसारखा पांढरा आणि भुसभुशीत होता. सुताराचा पिवळा डिंक साधारण 50 ते 55 फॅरनहाइटच्या खाली नीट धरतच नाही, आणि मी तो 40 अंशांतल्या लाकडावर लावला होता. हवा गरम होती, पण लाकूड रात्रभर गोठलेले होते. आता जोडायचे लाकूड आदल्या दिवशी घरात आणून ठेवतो, डिंक आणि पॉलिश तर हिवाळाभर तळघरातच असतात, आणि क्लॅम्प लावलेली वस्तू रात्री गॅरेजमध्ये सोडत नाही. त्या मैत्रिणीला दिलेला दुसरा पोळपाट चार होळ्या पुरला आहे.

जमिनीची थंडी तळव्यांतून वर चढते आणि तिला हीटरचा उपाय नाही. शेतीच्या सामानाच्या दुकानात घोड्यांच्या तबेल्यासाठी पाऊण इंच जाडीच्या, चार फूट बाय सहा फूट रबरी चटया मिळतात. तशा दोन मी कामाच्या टेबलापुढे टाकल्या आहेत. एकेक चटई शंभर पौंडांच्या आसपास भरते, त्यामुळे ती सरकत नाही, आणि पटाशी हातातून पडली तरी तिची धार वाचते. भुसा ओढून घेणारे यंत्र पूर्वी मी हवा बाहेर फेकणारे ठेवले होते. ते सुरू केले की काही मिनिटांत सगळी ऊब बाहेर जाई, म्हणून हिवाळ्यात हवा गाळून आतच सोडणारा फिल्टर लावतो, आणि हीटरच्या जाळीवरचा भुसा दर आठवड्याला झटकतो.

उरलेले सामान मी जवळजवळ सगळे जुने घेतले. दान आलेले बांधकामसाहित्य विकणाऱ्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीच्या री-स्टोअरमधून खिडकी, कपाटे आणि एक भरीव लाकडी दार आणले, आणि त्या दाराला दोन-बाय-चारच्या, म्हणजे बांधकामात वापरतात त्या वाशांचे, पाय लावून माझे कामाचे टेबल झाले.

भाड्याच्या घरात राहणारे विचारतात की भिंतीला हात लावता येत नसेल तर काय करावे. त्यांनी घरमालकाला विचारून दाराच्या तळाचे रबर बदलावे, उदबत्तीने सापडलेल्या फटी काढता येण्याजोग्या पट्टीने बंद कराव्यात, एक रबरी चटई घ्यावी आणि टेबलाच्या वर 1,500 वॅटचा इन्फ्रारेड हीटर टांगावा. तो हवेऐवजी माणसाला आणि समोरच्या वस्तूंना तापवतो, त्यामुळे गळक्या जागेतही त्याचा उपयोग होतो, मात्र त्याच्यापासून भुसा आणि कापड दूर ठेवावे आणि त्या सॉकेटवर दुसरे यंत्र लावू नये. एवढ्यावर साधारण 20 फॅरनहाइटपर्यंत हाताची कामे करता येतात. त्याखाली गेले की मोजमापे घ्यावीत, पटाशीला धार लावावी, आणि हे दोन्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर करावे.